दोन डॉक्टर शेख

नीराकाठ विद्यापीठाचा बहिःशाल विभाग दिग्विजय काकडे सांभाळायचा. ज्यांना विद्यापीठात येऊन शिकणं जमत नाही, त्यांच्या गावात विद्यापीठच नेऊन पोचवायचं, असं त्या विभागाचं काम. दिग्विजयचा त्यावर जीव होता. खोड एकच होती. तो एका वेळी फार गोष्टी अंगावर घ्यायचा आणि सगळ्या एकाच कागदावर बसवायचा.

त्या ऑगस्टमध्ये वर्धापनदिनाच्या निमित्ताने त्याने 'विद्यापीठ आपल्या गावी' असा आठवडा काढला. संगीत विभाग सुप्याच्या बाजारात गेला आणि तिथे तबल्याच्या तालावर भेंडीचे भाव पुकारले गेले. खगोलशास्त्राची दुर्बीण सोमेश्वरनगरला कामगार वसाहतीत लावली. ऑगस्टात आभाळ भरलेलं असतं हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पण लोकांनी त्या दुर्बिणीतून कारखान्याच्या चिमणीच्या टोकावर बसलेली घार पाहिली आणि समाधान मानून घरी गेले. भूगर्भशास्त्रवाले विहिरी बघत फिरले, कायद्याचे विद्यार्थी चावडीत बसले, आणि इतिहासाच्या प्राध्यापकांना एका गावाने आमच्या गावाचा इतिहास काढा म्हणून दोन दिवस ठेवूनच घेतलं.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी दोन व्याख्यानं होती. एक बारामतीच्या पश्चिमेला, कोऱ्हाळे बुद्रुकमध्ये. विषय उसातली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी ती पांढरी जाड अळी. वक्ते कीटकशास्त्राचे डॉ. मुजफ्फर शेख. दुसरं पूर्वेला, इंदापुरात मुलींच्या एका कॉलेजात. विषय भारतीय तर्कशास्त्रातलं अनुमान. वक्त्या तत्त्वज्ञानाच्या डॉ. समिना शेख. दिग्विजयने जागा वाचवायला कागदावर दोन्हीकडे नुसतंच 'डॉ. शेख' लिहिलं आणि ड्रायव्हरांच्या हातात दिलं.

समिना मूळची सुप्याची. तिचे वडील हैदरभाई यांचं सुप्यात चप्पल-बुटांचं दुकान होतं. मुलगी डॉक्टर झाली म्हणून त्यांनी पेढे वाटले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात गुडघे दुखणारी तीन माणसं दुकानात येऊन बसली. ती तसली डॉक्टर नाही हे समजावताना हैदरभाईंचा घसा बसला. शेवटी ते सांगायला लागले, की पोरगी विचारांची डॉक्टर आहे. त्यावर एक म्हातारा म्हणाला, मग आमच्या थोरल्याला न्यायला हवं तिच्याकडं.

विद्यापीठातही समिनाच्या विषयाची अवस्था फारशी वेगळी नव्हती. तत्त्वज्ञान विभाग सगळ्यात वरच्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी होता. विद्यार्थी इतके कमी, की एखादा आजारी पडला तर वर्ग मोकळा वाटायचा. विभाग चालू ठेवायचा की नाही यावर दर वर्षी बैठक व्हायची आणि दर वर्षी चहा घेऊन पुढे ढकलली जायची. समिना चार जणांसमोर सुरेख शिकवायची. भरलेल्या सभागृहात मात्र ती कधी बोललीच नव्हती. त्यामुळे त्या दिवशी ती गाडीत बसली तीच डोळे मिटून, भाषण घोकत. गाडीने कुठलं वळण घेतलं हे तिने पाहिलंच नाही.

डोळे उघडले तेव्हा पणदरे मागे पडलं होतं आणि दोन्ही बाजूंना डोक्याएवढा ऊस होता. इंदापूरच्या वाटेवर पणदरे लागत नाही, एवढं कळायला तिला तर्कशास्त्राची गरज नव्हती. तिने ड्रायव्हरला विचारलं. त्याने शांतपणे कागद दाखवला. डॉ. शेख, कोऱ्हाळे. तिने दिग्विजयला फोन लावला, तो व्यग्र लागत होता. तो व्यग्र होता, कारण त्याच वेळी इंदापूरच्या कॉलेजच्या फाटकात उभे राहून दुसरे डॉ. शेख त्याला विचारत होते, की इतक्या मुलींना हुमणीत रस कधीपासून निर्माण झाला.

कोऱ्हाळ्यात विकास सोसायटीच्या हॉलमध्ये माणसं खचाखच बसली होती. पुढे टेबल, टेबलावर गुच्छ, आणि गुच्छाच्या बाजूला झाकणाला भोकं पाडलेल्या काचेच्या बरण्या. प्रत्येकाने आपापल्या शेतातली हुमणी डॉक्टरांना दाखवायला आणली होती. अळ्या ओल्या मातीत वळवळत होत्या. समिनाला झुरळसुद्धा बघवत नसे. तिने नजर बरण्यांवरून उचलून समोरच्या फलकावर नेली, तर तिथे हुमणीचं हातभर मोठं चित्र होतं.

गावातले वयस्कर शेतकरी आबाजी तात्या स्वागताला उठले. हुमणीनं आमच्या नाकात दम आणलाय, आता डॉक्टरबाई आल्यात तर तिचा निकाल लागंल, असं बोलून त्यांनी माईक समिनाच्या हातात दिला.

एक क्षण तिला वाटलं, की कीटकनाशक वापरा आणि काळजी घ्या असं काहीतरी बोलून निघून जावं. पण बोलायला गेली आणि खरं तेच बाहेर आलं.

"तात्या, माझ्याकडून फसवणूक व्हायला नको. मी हुमणीची डॉक्टर नाही. मला तिच्यातलं काही कळत नाही. गाड्यांची अदलाबदल झालीय. तुमचे डॉक्टर इंदापूरला पोचलेत आणि मी इथं."

हॉलमध्ये कुजबूज झाली. मागचे काही जण उठायला लागले. एकाने आपली बरणी परत घेतली. तेवढ्यात पुढच्या रांगेतून जयवंताकाकू बोलल्या. दोन एकर ऊस आणि आठ-दहा शेळ्या असा त्यांचा संसार होता, आणि नवरा गेल्यापासून तो त्या एकटीने ओढत होत्या.

"मग तुमी कशाच्या डॉक्टर?"

"एखादी गोष्ट खरी आहे हे आपण कशावरून म्हणतो, त्याचा अभ्यास करते मी."

"मंग तेच सांगा की. आमी कामं टाकून आलोय. आता काहीतरी घिऊनच जाणार."

उठलेले लोक पुन्हा बसले. समिनाने घोकलेलं भाषण पर्समध्येच ठेवलं, कारण त्यात पहिल्याच ओळीत तीन ग्रंथकार होते. तिने जुनंच उदाहरण घेतलं, पण ते सोमेश्वरला आणून ठेवलं. समजा, ती म्हणाली, दूरवर कारखान्याच्या चिमणीतून धूर येतोय. तुम्ही काय म्हणाल?

गाळप चालू झालं, असं सगळे एकदम म्हणाले.

गाळप दिसलं का तुम्हाला?

न्हाय. धूर दिसला.

मग न दिसलेलं खरं आहे असं कशावरून म्हणता?

 मग हळूहळू एकेक जण बोलायला लागला. आजवर धूर आला तेव्हा गाळप होतं. चूल बघा, धूर आहे तिथं जाळ असतोच. तळ्यावर कधी धूर दिसत नाही, कारण तिथं जाळ नाही. समिना थक्क होऊन ऐकत होती. चूल आणि तळं हीच दोन उदाहरणं जुन्या तर्कशास्त्रात दिलेली आहेत आणि तिचे विद्यार्थी ती पाठ करून विसरत असत. तिने त्या नात्याला शास्त्रात व्याप्ती म्हणतात असं सांगितलं. जिथं जिथं धूर, तिथं तिथं अग्नी. हे नातं कुठेच तुटत नसेल तरच अनुमान खरं.

मग तिने उलटं विचारलं. जिथं अग्नी आहे तिथं धूर असतोच का? आबाजी तात्या म्हणाले असतोच. मागच्या बाकावरच्या बायकांत कुजबूज झाली आणि एक जण म्हणाली, गॅसच्या शेगडीला कुठं धूर येतो? तात्यांनी क्षणभर विचार करून आपलं म्हणणं मागे घेतलं. सोसायटीच्या इतिहासात त्यांनी म्हणणं मागे घेतल्याची ही पहिलीच वेळ असल्याचं नंतर गावात सांगितलं गेलं.

समिनाची भीती कधी गेली हे तिला कळलं नाही. ती माईक घेऊन टेबलाच्या पुढे आली होती आणि तिच्या बोलण्यात सुपं उतरलं होतं. कशावरून म्हणता, हे ती आता कशावरनं म्हणतासा असं विचारत होती. लोकांनाही चेव आला. पाऊस येणार हे कशावरून, म्हैस गाभण आहे हे कशावरून, पुढारी खोटं बोलतोय हे कशावरून. शेवटच्याला व्याप्ती लागू होते की नाही यावर बराच वेळ गेला.

तेव्हा रणजित उठला. बागायतदार, तिशी ओलांडलेला, बोलण्यात नेहमी शेवटचा शब्द आपलाच हवा असणारा.

"म्याडम, माझं एक अनुमान तपासून द्या. माझ्या ठिबकच्या नळ्या कुणीतरी चावून चाळण केल्यात. शेजारी ह्या काकूंच्या शेळ्या. बांधावर लेंड्या पडल्यात. म्हंजी नळ्या शेळ्यांनी खाल्ल्या. हाय का न्हाय व्याप्ती?"

सगळ्यांच्या माना काकूंकडे वळल्या. हा वाद गावात महिनाभर पेटलेला होता. रणजित आणि जयवंताकाकू एकमेकांशी बोलत नव्हते. आणि समिनाला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने तो धड्यातला प्रश्न समजून घेतला.

लेंड्यांवरून काय सिद्ध होतं, तिने सगळ्यांना विचारलं. शेळ्या आल्या होत्या हे सिद्ध होतं, उत्तर आलं. जिथं जिथं लेंड्या तिथं तिथं चावलेल्या नळ्या असतात का? तसं नसतं, नाहीतर गावात एक नळी उरली नसती. मग जिथं चावलेल्या नळ्या, तिथं शेळ्या असतातच का? आबाजी तात्या म्हणाले, आमच्या नळ्या उंदरांनी खाल्ल्या. कुणाच्या खारींनी. कुणाच्या कोल्ह्यांनी.

"तर मग रणजितराव," समिना म्हणाली, "तुमच्या पुराव्यावरून शेळ्या बांधावर आल्या होत्या एवढंच सिद्ध होतं. पुढचं नाही."

"म्हंजी शेळ्यांनी खाल्ल्या न्हाईत?"

"तेही मी म्हणत नाही. खाल्ल्या असतील, नसतील. आत्ता आपल्याला माहीत नाही."

जयवंताकाकूंनी पदराआड हसू लपवायचा प्रयत्न केला, पण तो फारसा मनापासून नव्हता. रणजित खाली बसला. जाताना दारात कुणाला तरी म्हणाला, की हुमणीसाठी बोलावलं आणि बाईंनी माझ्याच पुराव्याला कीड लावली.

परतीच्या गाडीत समिनाला आधी आनंद झाला आणि मग धास्ती वाटली. आपण हुमणीबद्दल एक अक्षर न सांगता गावातला तंटा उकरून आलो, हे कुलगुरूंच्या कानावर गेलं तर विभागाची पुढची बैठक चहावर निभावणार नव्हती. विद्यापीठात पोचली तर पायऱ्यांवर दिग्विजय उभा. शर्ट घामाने चिकटलेला. त्याने तिची माफी मागितली, मग पुन्हा मागितली. इतक्यात इंदापूरची गाडीही आली आणि डॉ. मुजफ्फर शेख उतरले. पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ. ते विचित्रच खुशीत दिसत होते.

त्यांनी सांगितलं, की मुलींना सुरुवातीला किळस आली. पण हुमणीचा भुंगेरा जमिनीत महिनोन्‌महिने काढतो, पावसाची चाहूल लागली की संध्याकाळी वर येऊन कडुनिंबावर जमतो आणि तिथेच जोडीदार शोधतो, असं ऐकल्यावर सगळा वर्ग सावरून बसला. एका मुलीने विचारलं, सर, त्याला अंधारात एकटं वाटत असेल का?

"तीस वर्षं मी ह्या किड्याला मारायचं कसं एवढंच शिकवतोय," ते म्हणाले. "मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, माहीत नाही. आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या."

समिनाला ते ऐकून फार बरं वाटलं. दोघं पहिल्यांदाच एकत्र कॅन्टीनमध्ये जाऊन बसली. एकाच आडनावाची असूनही आजवर त्यांची ओळख फक्त एकमेकांची पत्रं चुकून उघडण्यापुरतीच होती.

इकडे कोऱ्हाळ्यात त्या भाषणाचं पुढे जे झालं ते रणजितच्या बायकोने केलं. तिचं नाव स्वरूपा. माहेर इंदापूरचं, बी.ए. तिथेच झालेलं. त्या दिवशी ती मागच्या बाकावर होती आणि गॅसच्या शेगडीवालीही तीच होती. घरी आल्यावर तिने नवऱ्याला काही बोलून दाखवलं नाही. सकाळी उठून ती शेतात गेली आणि चावलेल्या नळीचा एक तुकडा कापून आणला. नळीला सुळे रुतल्यासारखी भोकं होती, वरूनही आणि खालूनही.

दुपारी रणजित जेवायला बसला तेव्हा तिने तुकडा त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"शेळीला वरच्या जबड्यात पुढं दात असतात का?" तिने विचारलं.

रणजितने भाकरी मोडता मोडता सांगितलं की नसतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

"मग वरनं भोकं कुणी पाडली?"

रणजितने तुकडा हातात घेऊन फिरवून पाहिला.  मग म्हणाला, कोल्हा असंल. स्वरूपा म्हणाली, असेल. पण कोल्हा जवळ आला तर आपलं कुत्रं भुंकतं. जिथं जिथं कोल्हा, तिथं तिथं आपला ब्रुनो घर डोक्यावर घेतो. ही व्याप्ती सगळ्या वस्तीला ठाऊक आहे. महिनाभरात ब्रुनो एकदा तरी तसा भुंकला का?

ब्रुनो हे पुण्याहून आणलेलं लॅब्राडॉरचं पिल्लू होतं. रणजितचा त्याच्यावर इतका जीव होता, की घरात दूध आधी त्याला मिळे. तो आत्ता ओसरीवर पसरला होता. स्वरूपाने नळीचा तुकडा ओसरीवर टाकला. ब्रुनो शेपूट हलवत उठला, तुकडा दोन पंज्यांत धरला आणि अतिशय प्रेमाने चावायला लागला.

रणजितचं जेवण तसंच राहिलं. त्याला आठवलं, की रोज सकाळी मोटार चालू करायला जाताना तो ब्रुनोला मोकळा सोडतो आणि स्वतः बांधावर बसून फोन बघतो. ब्रुनो तेवढा वेळ कुठे असतो हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. स्वरूपा हसली नाही. तिने फक्त कालवण गरम करून आणलं.

हे घरातच दाबून टाकता आलं असतं. बायको कुणाला सांगणार नव्हती आणि कुत्र्याला सांगता येत नव्हतं. रणजितने दोन दिवस तसं करूनही पाहिलं. पण तिसऱ्या दिवशी जयवंताकाकू शेळ्या घेऊन त्याच्या बांधावरून न जाता लांबच्या वाटेने, उन्हात वळसा घालून जाताना दिसल्या. वादापासून त्या तशाच जात होत्या. त्याने आजवर ते पाहिलं होतं आणि त्यात आपला विजय मानला होता. त्या दिवशी मात्र त्याला ते बघवेना. तो तसाच चालत गेला आणि त्यांना गाठलं.

"काकू, नळ्या आमच्या कुत्र्यानं खाल्ल्या. माझं चुकलं. उद्यापासनं बांधावरनंच जावा."

जयवंताकाकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कशावरनं म्हणतोस?" त्या म्हणाल्या.

त्यांनी ब्रुनोला बोलावून घ्यायला लावलं, नळीचा तुकडा मागवला, आणि सगळ्या वस्तीसमोर प्रयोग पुन्हा करून घेतला. ब्रुनोने निराश केलं नाही. मग त्यांनी रणजितला चहा पाजला, शेळीच्या दुधाचा, आणि तो त्याने तोंड वाकडं न करता प्यायला.

आबाजी तात्यांचा दिग्विजयला फोन आला तेव्हा तक्रार ऐकायची तयारी ठेवूनच त्याने तो उचलला. तात्यांचं म्हणणं वेगळंच होतं. हुमणीवाले डॉक्टर शेख पाठवा, पण त्यांच्याबरोबर त्या बाईपण पाठवा. इंदापूरच्या कॉलेजमधूनही तसाच निरोप आला. तिथल्या मुलींना आता तर्कशास्त्र हवं होतं, आणि जमल्यास भुंगेरे. दिग्विजयने ताबडतोब वर कळवून टाकलं, की वक्त्यांची अदलाबदल हा आंतरविद्याशाखीय प्रयोग होता. कुलगुरूंनी आपल्या भाषणात त्याचं कौतुक केलं. समिना आणि मुजफ्फर सर शेजारी बसून ते गंभीर चेहऱ्याने ऐकत होते.

मग दोघं कोऱ्हाळ्याला गेली. मुजफ्फर सरांनी हुमणीचं सगळं नीट समजावून सांगितलं. कडुनिंबाखाली प्रकाशसापळे लावायचे, भुंगेरे गोळा करायचे, शेणखत कुजवूनच टाकायचं. पण त्यांना एक वाक्य सरळ पुरं करू दिलं नाही लोकांनी. पान पिवळं पडलं म्हणजे हुमणी असं म्हणता, पण पाणी साचूनबी पिवळं पडतं, मग कशावरनं? सर आधी गोंधळले. मग कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, चला शेतात, उपटूनच बघू. सगळा हॉल उठून त्यांच्यामागे गेला. समिना बांधावर थांबली, कारण अळ्यांच्या बाबतीत तिची भूमिका बदललेली नव्हती.

तिथे स्वरूपा तिच्याजवळ आली. तत्त्वज्ञानाचं एम.ए. करायला वयाची काही अट असते का, असं तिने विचारलं. अट नव्हती. प्रवेशाची मुदत वाढवलेली होती, कारण जागा भरल्याच नव्हत्या. समिनाने ते असंच सांगितलं आणि दोघी हसल्या.

पुढच्या सोमवारी रणजित बायकोला मोटारसायकलवरून विद्यापीठात घेऊन आला. सगळे जिने चढून पाण्याच्या टाकीपर्यंत तो वर आला, वर्गाच्या दारात थांबला आणि स्वरूपा आत गेल्यावर समिनाला जरा बाजूला घेतलं.

"म्याडम, एक विनंती हाय. हिला जरा बेतानं शिकवा. घरात आत्ताच लय अवघड जातंय."

"मग तुम्हीही बसा की आत," समिना म्हणाली. "दोन्ही बाजूंना सारखंच कळेल."

रणजितने घड्याळाकडे पाहिलं. बँकेत काम आहे म्हणाला, खताच्या दुकानातही जायचंय म्हणाला. आत वर्गात स्वरूपा पुढच्या बाकावर बसून नव्या वहीचं पहिलं पान हाताने सारखं करत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. तो म्हणाला, पाच मिनिटं बसतो फक्त, आणि चपला काढायच्या की नाही या विचारात क्षणभर घुटमळून तसाच मागच्या बाकावर जाऊन बसला. समिनाने खडू घेतला आणि विचारलं, की आपण सगळे आत्ता जागे आहोत, स्वप्नात नाही, हे कशावरून. सगळ्यात आधी हात वर झाला तो मागच्या बाकावरून.